घरच्या घरी उताराच्या स्कीइंगचं यंत्र: घाम निघतो, मांड्या तयार होत नाहीत. कुठे चुकतंय?

उतारवेडा

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागून ठेवतो.

मोसमाआधी पायांची तयारी व्हावी म्हणून गेल्या वर्षी घरीच एक स्की-यंत्र बनवलं. पाइपचे दोन समांतर रूळ, मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना उतरते. त्यावर चाकांची ट्रॉली, ट्रॉलीवर पावलांसाठी दोन पाट्या, आणि ट्रॉलीला मध्याकडे खेचणारे रबरी पट्टे. पाय डावीकडे रेटायचे, पट्टे परत आणतात, मग उजवीकडे. विकतच्या बऱ्याच घरगुती यंत्रांचीही साधारण हीच रचना असते, त्यामुळे मी काही नवा शोध लावलेला नाही. आठ आठवडे, आठवड्यातून चार दिवस, रोज वीस मिनिटं केलं. टीशर्ट पिळून काढावा इतका घाम.

मग डोंगरावर गेलो. पहिला दिवस मजेत. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या फेरीत मांड्या थरथरायला लागल्या आणि एका अगदी साध्या वळणात बाहेरचा पाय खचलाच. पडलो नाही, पण कडेला जाऊन दहा मिनिटं नुसता उभा होतो. संध्याकाळी जिना उतरताना कठडा धरून पाठमोरा उतरलो, अक्षरशः उलटा. माझ्याबरोबरच्या मित्राने वर्षभर काडीचा व्यायाम केला नव्हता. तोही माझ्या शेजारी तसाच उलटा उतरत होता. हे जास्त लागलं.

आता यंत्र पुन्हा उघडलंय. पट्टे आणखी कडक करू? रूळ लांब करू? की मोटर बसवू? वेल्डिंग येतं, लेथवर थोडंफार काम येतं, इलेक्ट्रॉनिक्स बेताचं.

शंकासुर

काहीच न केलेला मित्र आणि आठ आठवडे घाम गाळलेले तुम्ही एकाच जिन्यावर एकाच पद्धतीने उतरलात, म्हणजे प्रयोगाचा निकाल लागला की. धागा बंद करायला हरकत नाही. (ह. घ्या.)

घसरगुंडी

जिममध्ये ते दोन दोऱ्या खाली ओढायचं स्की मशीन असतं, त्याने नाही का होणार? मी दोनदाच बर्फावर गेले आहे, दोन्ही वेळा मुख्यतः बसून खाली आले, त्यामुळे बाळबोध प्रश्नाबद्दल रागावू नका.

बर्फाळ

@घसरगुंडी, ते सपाटीवरच्या स्कीइंगचं यंत्र. व्यायामाच्या बाजारात ‘स्की मशीन’ म्हटलं की बहुतेक वेळा तेच निघतं. १९७५ साली अमेरिकेत नॉर्डिकट्रॅक आलं ते याच प्रकारचं, पाय मागेपुढे घसरवायचे आणि हातांनी दोरी ओढायची. दमसासासाठी उत्तम, पण त्यात तुम्ही स्वतःला पुढे ढकलता. उतारावर ढकलायचं काम डोंगर करतो.

वाटी

बर्फाळ यांच्या शेवटच्या वाक्यातच उतारवेडा यांचं उत्तर आहे. मी फिजिओथेरपिस्ट, दिवसभर गुडघ्यांतच असते (आयडीवरून कळलंच असेल).

स्नायू दोन तऱ्हांनी काम करतो. जिना चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू जोर लावत असतो, पण लांबत लांबत. पहिल्याला कॉन्सेंट्रिक म्हणतात, दुसऱ्याला एक्सेंट्रिक. दुसऱ्यात स्नायू ब्रेकचं काम करतो. उतारावर वळण घेताना बाहेरचा पाय भाराखाली हळूहळू दुमडत जातो, म्हणजे मांडीवर सतत ब्रेक. तुमच्या यंत्रावर तुम्ही काय केलंत? रबर ताणलं. म्हणजे आठ आठवडे जिना चढायचा सराव केलात आणि परीक्षा उतरण्याची दिलीत.

दुसऱ्या दिवशीचं ते खास दुखणं प्रामुख्याने एक्सेंट्रिक कामातून येतं. म्हणून चढून आलेल्याचे पाय दुखण्यापेक्षा उतरून आलेल्याचे जास्त दुखतात.

याचा एक जुना, फार गोड प्रयोग आहे. १९५२ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने उलट फिरणारं पेडल अडवायचं. दोघांच्या पायांवर जोर सारखाच. पण पेडल मारणाऱ्याला अडवणाऱ्याच्या अडीच ते पाचपट ऑक्सिजन लागला, जसा वेग वाढेल तसा फरक जास्त. लहान चणीची व्यक्तीसुद्धा अडवायला बसली की समोरच्या धिप्पाड गड्याला सहज दमवू शकते.

उतारवेडा

वाटीताई, एका परिच्छेदात आठ आठवड्यांचा पंचनामा केलात. पण मग घाम कशाचा होता?

वाटी

रबर ताणण्याचा. तो खरा घाम होता, त्याचा फायदा हृदयाला आणि फुप्फुसांना झाला असणारच. फक्त जो भाग डोंगरावर खचला त्याच्यापर्यंत पोचला नाही. आणि एक कटू गोष्ट आत्ताच सांगते. एक्सेंट्रिक यंत्र चांगलं जमलं तर त्यावर घाम कमी येईल, धाप कमी लागेल आणि ‘काही झालंच नाही’ असं वाटेल. अशी यंत्रं कमी दिसण्यामागे माझ्या मते हेही एक कारण असावं. माणूस यंत्राची किंमत घामावरून ठरवतो.

दातेचाक

आता हिशेबाचं बघू. ७५ किलोचा माणूस ५०० मीटर उंची उतरतो तेव्हा गुरुत्वाकर्षण त्याला साधारण ३७० किलोज्यूल ऊर्जा देतं. त्यातली बरीचशी बर्फ खरवडण्यात आणि हवेत जाते, काही पायांना जिरवावी लागते. यंत्रात डोंगर नाही. म्हणजे ही ऊर्जा बाहेरून कोणीतरी आणून माणसात घालायला हवी. रबरी पट्ट्याकडे स्वतःचं काही नसतं, तुम्ही दिलेलंच तो परत देतो, आणि तेही ट्रॉली मध्याकडे आणण्यात खर्च होतं, मांडी दुमडण्यात नाही. पट्टे कडक केले तर तीच चूक जास्त जोरात होईल.

दुसरा मुद्दा झुकावाचा. ताशी ३६ किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर, १५ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर आडवं त्वरण गुरुत्वाच्या ०.६८ पट येतं. शरीर सुमारे ३४ अंश कलतं आणि पायांवर वजनाच्या १.२ पट भार येतो. तेच वळण ताशी ५४ किमीने घेतलं तर कल ५७ अंश आणि भार १.८ पट. (उताराचा कोन सोडून दिलाय, अंदाजापुरतं.)

यंत्रावर काय होतं? माणूस म्हणजे ९० सेंमी काठीवरचा गोळा असं सोपं मॉडेल धरलं, आणि पाय दोन सेकंदांत एक पूर्ण झोका घेत मध्यापासून ३५ सेंमी बाहेर जातात असं मानलं, तर कंबरही त्याच बाजूला जवळजवळ १८ सेंमी जाते. उरलेला फरक १७ सेंमी, म्हणजे पायांचा कल जेमतेम ११ अंश. झोका १.२ सेकंदांवर आणलात तर १५-१६ अंश. आणि भार? तो वजनाच्या एकपटीच्या आसपासच घुटमळतो. तुम्ही ३४ अंशांची आणि १.२ पटीची परीक्षा द्यायला गेला होता.

बर्फाळ

+१. शिवाय त्या मध्ये उंच असलेल्या रुळावर पाट्यांचा तिरपेपणाच उलटा असतो. खऱ्या वळणात स्की शरीराच्या बाहेर जाते आणि आतल्या कडेवर उभी राहते, म्हणजे तळ बाहेरच्या बाजूला दिसतो. कमानीवरून ट्रॉली बाहेर उतरली की पाटी बाहेरच कलते, अगदी विरुद्ध. चांगल्या यंत्रांत पाटीला वेगळा सांधा देऊन ती आत वळवलेली असते. @उतारवेडा, तुमच्या पाट्या ट्रॉलीला पक्क्या होत्या का?

उतारवेडा

पक्क्या. वेल्ड केलेल्या. (खाली मान.)

पडदा

एवढं सगळं करण्यापेक्षा व्हीआर चष्मा लावा, ट्रॉलीला सेन्सर बसवा, समोर डोंगर दिसला की मेंदू फसतो.

दातेचाक

मेंदू फसेल, मांडी फसणार नाही. चित्र हालचालीच्या थोडं जरी मागे राहिलं तरी पोटात ढवळतं, हा वेगळाच त्रास. विमानाच्या सिम्युलेटरमध्ये कॉकपिट कलवून बलाची दिशा बऱ्यापैकी दाखवता येते, पण बल वाढवता येत नाही. आपली अडचण तीच आहे, १.० चे १.५ कसे करायचे. पडदा सगळ्यात शेवटी लावू.

पडदा

माझी आयडी अशी वाया गेली.

दातेचाक

काल रात्री कागदावर बसलो होतो. कमान उलटी करा. रूळ मध्ये खोल आणि टोकांना चढते. त्रिज्या एक मीटरच्या आसपास, म्हणजे वर्तुळाचं केंद्र साधारण तुमच्या बेंबीच्या उंचीवर येईल. मग पाय बेंबीभोवती झुलतात. पाटी नेहमी पायाला काटकोनात राहते, त्यामुळे कड बरोबर बाजूला कलते, वेगळा सांधा लागत नाही. ३५ सेंमी बाहेर गेलात की २० अंश, ५० सेंमीला २९ अंश. कंबर जागची फारशी हलत नाही आणि रबरी पट्टे पूर्ण रद्द.

शंकासुर

म्हणजे पाळणा. एवढ्या चर्चेनंतर आपण पाळण्यापर्यंत आलो. अंगाईचंही बघून ठेवा.

दातेचाक

पाळणाच आहे. ढकलायला काहीच नाही, म्हणून व्यायामही नाही. पण त्यामुळे दोन कामं वेगळी झाली. रूळ फक्त कल देणार. भार दुसरीकडून आणायचा, कमरेच्या पट्ट्याला धरून खाली ओढणाऱ्या कशाने तरी. ७५ किलोच्या माणसाला १.२ ते १.८ पट करायचं तर १५ ते ६० किलो इतकी ओढ हवी. कोणी ओढायचं, हा प्रश्न आहे. सर्व्हो मोटर सर्वांत सरळ, पण त्यात टॉर्कला (मोटरच्या फिरवण्याच्या जोराला) मर्यादा आणि तातडीने बंद करणारं बटण चुकवून चालणार नाही. बेताच्या इलेक्ट्रॉनिक्सवर माणसाला खाली खेचणारी मोटर बांधू नका, हे मनापासून सांगतो.

बर्फाळ

कंबर स्थिर आणि खाली पाय झुलतायत, हे छोट्या वळणांसारखं दिसायला लागलंय. लहान वळणांत हेच हवं असतं, छाती उताराच्या दिशेला, हात समोर, खाली पाय इकडून तिकडे. पण आधी ठरवा, कोणतं स्कीइंग? स्लॅलमच्या (जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून छोट्या वळणांची शर्यत) स्कीची वळणत्रिज्या १२-१३ मीटर, पुरुषांच्या जायंट स्लॅलम (तीच, पण मोठ्या वळणांची) शर्यतीच्या स्कीची किमान ३० मीटर. स्लॅलमची एक धाव मिनिटभराच्या आतबाहेर संपते, उलट स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनची लाउबरहॉर्न डाउनहिल (भरवेगात खाली उतरायची शर्यत) जवळजवळ साडेचार किलोमीटर आणि अडीच मिनिटं चालते. वीस मिनिटं सलग असं काही उतारावर नसतंच. आपल्यासारखे हौशी लोक दोन-तीन मिनिटं उतरतात, थांबतात, धापा टाकत डोंगराचं कौतुक करतात आणि पुन्हा निघतात. यंत्रही तसंच वापरा.

आणि बूट. स्की बूट घालूनच चढा. घोटा मोकळा असेल तर पिंडरी आणि पावलं असं काही सावरून घेतात की मांडीचं काम अर्धं होतं. बुटाने घोटा पुढे कललेला जखडला की नडगी बुटाच्या जिभेवर दाबून उभं राहावं लागतं, आणि मग सगळं मांडीवर येतं.

वाटी

ओढायला मोटर नको असेल तर गतिचक्र, म्हणजे फ्लायव्हील. कमरेच्या पट्ट्यापासून एक पट्टी खाली येते आणि चक्राच्या दांड्यावर गुंडाळलेली असते. तुम्ही गुडघे सरळ करत उठलात की पट्टी उलगडते आणि चक्र फिरतं. पट्टी संपली तरी चक्र थांबत नाही, ते पट्टी उलट गुंडाळायला लागतं आणि तुम्हाला खाली खेचतं. आता तुम्ही ब्रेक.

आणि यातली गंमत बघा. हे यंत्र स्टॉकहोमच्या हान्स बर्ग आणि पेर टेश यांनी अंतराळवीरांसाठी मांडलं, १९९४ मध्ये. तिथे वजनच नसतं, म्हणून गुरुत्वाशिवाय भार देणारं काहीतरी हवं होतं. पुढच्याच वर्षी त्याच दोघांचा, ओला आयकेन यांच्याबरोबर, जायंट स्लॅलमच्या स्कीपटूंवरचा अभ्यास आला. विषय हाच, शर्यतीत मांडीचं एक्सेंट्रिक काम किती चालतं. ते ठळकपणे जास्त निघालं, आणि तेही संथ गतीचं. आपल्याला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी त्याच माणसांच्या टेबलावर होत्या!

दातेचाक

वाटीताई, हे फारच उत्तम. हिशेब करून टाकतो. ३० सेंमी व्यासाची, दीड सेंमी जाडीची पोलादी चकती घ्या, वजन आठ किलोच्या थोडं वर. समजा उठताना ३० सेंमीपर्यंत सरासरी ४०० न्यूटन जोर लावला, म्हणजे चक्रात १२० ज्यूल गेले आणि ते मिनिटाला पाचशेच्या आसपास फेऱ्यांनी फिरायला लागलं. (म्हणून जाळी. जाळीशिवाय एकदाही फिरवायचं नाही.) घर्षण सोडलं तर खाली जाताना तेवढेच १२० ज्यूल तुमच्यात परत येतात. पूर्ण ३० सेंमीत अडवलं तर ४०० न्यूटन. पण सुरुवातीला सैल सोडून शेवटच्या २० सेंमीत अडवलं तर ६०० न्यूटन, म्हणजे ६० किलोची ओढ. आपल्याला हवी तीच. शेवटच्या १० सेंमीत अडवायला गेलात तर १२०० न्यूटन, आणि मग वाटीताईंच्या दवाखान्यात भेटू.

थोडक्यात, चढताना स्वस्तात भरलेली ऊर्जा उतरताना कमी अंतरात महाग करून घ्यायची. फुकटचा डोंगर मिळत नाही, पण उधारीवर चालून जाईल.

घसरगुंडी

हे वाचून मला पहिल्यांदाच कळलं की मी बसून खाली येत होते ते शहाणपणाचं होतं.

उतारवेडा

सगळ्यांचे आभार, कामाला लागतो. रूळ वाकवायला पाइप-बेंडर मिळवलाय.

(साडेतीन आठवड्यांनंतर)

उतारवेडा

हजेरी लावतो. उलटी कमान झाली, त्रिज्या १.०२ मीटर आली. पाट्यांवर जुन्या स्कीच्या बाइंडिंग बसवल्या, बूट खटकन बसतात. दोन्ही बाजूंना उभे दांडे आहेत हात धरायला. नुसतं झुललो तेव्हा बायको म्हणाली, शंकासुर कोण आहेत ते मला भेटायचंय.

मग चक्र. इथे माती खाल्ली. चक्र जमिनीवर, ट्रॉलीच्या मागे पक्कं केलं, कारण पट्टी मधून नेली असती तर ट्रॉली बाजूला जाताना आतल्या बुटाला घासली असती. पट्टी कमरेच्या मागून टाचांच्या मागे गेली. पहिल्याच खेपेला चक्राने ओढलं आणि मी सरळ मागे, बूड टाचांच्या मागे, हात वर. दांडा हाताला लागला म्हणून वाचलो. थोडक्यात, नवशिके उतारावर घाबरून बसतात तो पवित्रा यंत्राने माझ्याकडून जबरदस्तीने करून घेतला.

बर्फाळ

हा हा! आयुष्यभर लोकांना ‘मागे बसू नका’ सांगण्यात गेलंय, आणि तुम्ही मागे बसवायचं यंत्र बनवलंत. गंमत सोडा, पण हे गुडघ्याला खरंच वाईट. मागे बसून पडताना मधला बंध, एसीएल, तुटतो. स्कीइंगमधल्या गुडघ्याच्या मोठ्या दुखापतींत तो नेहमीचाच गडी.

दातेचाक

चक्र ट्रॉलीवरच न्या, पाट्यांच्या मधे, खाली लटकवून. मग ते पायांबरोबर हलेल, पट्टी दोन बुटांच्या मधून पायाच्याच रेषेत वर येईल. कंबर हलत नाही म्हणून पट्टीची लांबीही झोक्याने बदलणार नाही. ट्रॉली दहा किलोने जड होईल, होऊ दे.

वाटी

पट्टा कमरेच्या वर बांधू नका, नितंबांच्या हाडांवर बसला पाहिजे, नाहीतर भार पाठीच्या कण्यावर जाईल. आणि मात्रा. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, बस. दम लागणार नाही, आणखी करावंसं वाटेल, करायचं नाही. दुखणं एक-दोन दिवसांनी टिपेला पोचतं, त्यामुळे त्याच दिवशी तुम्हाला काहीच कळत नाही. आठवड्यातून दोनच खेपा. फार दुखलं, सूज आली किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर यंत्र सोडून तडक डॉक्टरकडे, स्नायू मोडून त्याचा कचरा मूत्रपिंडात जाण्याची ती खूण असू शकते.

चांगली बातमी अशी की एकदा दुखून गेलं की तोच स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच कामाने तितका दुखत नाही. म्हणून प्रवासाआधी आठ आठवडे घाम गाळायची गरजच नव्हती. तीन-चार आठवडे, थोडं थोडं, बरोबर दिशेने.

उतारवेडा

चक्र ट्रॉलीवर हलवलं. आता ओढ सरळ खाली येते. पहिले काही झोके ताल जमेना. टोकाला जाताना खाली बसायचं आणि मध्यावर उठायचं, पण चक्राचा वेळ आणि झोक्याचा वेळ जुळत नव्हता. पट्टी चार सेंमीने आखूड केली आणि अचानक जुळलं. डावीकडे जाताना बाहेरच्या मांडीवर जो संथ, जड दाब येतो तो मी ओळखला. डोंगरावर दुपारी येतो तोच. दोन मिनिटं केलं, वाटीताईंची शपथ, एक सेकंद जास्त नाही. कपाळ कोरडं. एवढंच? असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उलटा उतरलो.

वाटी

छान. आता चार दिवस हात लावू नका.

शंकासुर

नोंद घेतली, पाळण्यात बसून माणसाचे पाय दुखले. आता एकच शंका. तो काहीच न करणारा मित्र, त्याला चढवलंत का यंत्रावर? तुलना पूर्ण नको का?

उतारवेडा

परवा चढवलं. म्हणाला, ‘यात काय आहे, झोपाळाच तर आहे’, आणि मी नको नको म्हणत असताना दहा मिनिटं झुलला. कालपासून फोन उचलत नाहीये.